जुन्या जीपला बेल्ट बसवतेस? मग हे ऐक

सासऱ्यांची हूडवाली जीप आता तुझ्या ताब्यात आली आणि तिला नव्या गाड्यांसारखे खांद्यावरून येणारे बेल्ट बसवायचं तू मनावर घेतलंस, हे ऐकून मला फार बरं वाटलं गं. पण लगेच तुझ्या प्रश्नांची यादीही आली. मिस्त्री म्हणतो, ‘ताई, अर्ध्या दिवसाचं काम आहे, पत्र्याला भोक पाडून पट्टा आवळून देतो.’ भाऊजी म्हणतात, उघड्या जीपला बेल्ट कशाला, उलटली तर आत अडकून बसाल. शेजारचे म्हणतात, आरटीओत अडवतील. इतक्या जणांचे सल्ले ऐकून कुणाचंही डोकं भणभणेल. बस जरा निवांत. एकेक गोष्ट हाताळली की हे काम तुझ्या आवाक्यातलं आहे.

आधी भाऊजींची भीती घेऊ, कारण ती बऱ्याच जणांच्या मनात असते. बघ, उघडी गाडी उलटते तेव्हा बेल्ट नसलेला माणूस आत राहतच नाही, तो बाहेर फेकला जातो. मग रस्ता, दगड किंवा स्वतःचीच गाडी त्याच्या अंगावर येते. जीवावर बेतते ते इथे. पण भाऊजींच्या बोलण्यात एक खरी गोष्टही आहे, ती सोडू नकोस. माणूस बेल्टनं सीटला धरून ठेवलेला आणि डोक्यावर नुसतं ताडपत्रीचं हूड, ही जोडी अपुरीच. म्हणून उघड्या जीपमध्ये बेल्ट आणि रोल बार ही दोन वेगळी कामं समजायची नाहीत. दोन्ही एकत्रच करायची.

रोल बार म्हणजे पुढच्या सीटांच्या लगेच मागे उभी केलेली पोलादी पाइपची कमान. गाडी उलटली तर ती डोक्याभोवती जागा राखते. आणि तुझा दुसरा मोठा प्रश्न, म्हणजे खांद्याचा पट्टा अडकवायचा कुठे, तोही तीच सोडवते. बंद गाडीत दाराच्या मागे खांब असतो, पट्ट्याचं वरचं टोक त्या खांबात असतं. जीपला तो खांबच नाही. मग मिस्त्री काय करतो? वरचं टोक सीटच्या मागे खाली, तळाच्या पत्र्याला बांधून टाकतो. हे अजिबात करू द्यायचं नाही! पट्टा खांद्यावरून मागे जाऊन थेट खाली ओढला गेला, तर धडकेच्या वेळी तो खांद्याला खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. वरचं टोक खांद्याच्या पातळीला किंवा थोडं वर हवं, आणि ती उंची जीपमध्ये रोल बारवरच मिळते.

मग नुसता कमरेचा पट्टा चालेल का, असंही तू विचारलंयस. खरं सांगू का, काहीच नसण्यापेक्षा तो बरा, पण आता हात घातलाच आहेस तर तिथे थांबू नकोस. नुसत्या कमरेच्या पट्ट्यानं माणूस मधोमध दुमडतो. डोकं स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर आपटतं आणि पट्टा पोटात रुततो. कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलीन या अभियंत्यानं १९५९ मध्ये आणला. कंपनीनं त्याचं पेटंट इतर गाडी बनवणाऱ्यांनाही खुलं ठेवलं. तो छातीच्या आणि ओटीपोटाच्या हाडांवर भार वाटून देतो, मऊ पोटावर येऊ देत नाही. आपल्याकडे नव्या गाड्यांना पुढच्या सीटचे बेल्ट १९९४ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या जीपमध्ये बेल्टची जागाच ठेवलेली नसेल तर त्यात नवल नाही. ती जागा आता तुला करून घ्यायची आहे.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मिस्त्रीसमोर दोनदा बोल. पट्टा कितीही महागाचा आणला तरी तो जिथे बांधलाय त्या जागेइतकाच त्याचा जोर. दावं नवंकोरं असलं आणि खुंटा भुसभुशीत मातीत ठोकला, तर बैल खुंट्यासकट जातो ना, तसंच. हिशेबच करू. तुझं वजन ६० किलो धर. ताशी ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी धडकली आणि तुझं शरीर अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबलं, तर पट्ट्यावर साधारण १२०० किलोची ओढ येते. जीपच्या तळाचा गंजका पत्रा ती कशी पेलणार? म्हणून आधी सीटखालची रबरी चटई काढ आणि छोट्या हातोडीनं पत्रा ठोकून बघ. खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत रुतलं, तर तो भाग कापून नवा पत्रा घालायचा आणि मगच पुढचं काम. रोल बारचे पायही नुसत्या पत्र्यावर नकोत. पत्र्याच्या खालून निदान ३ मिलिमीटर जाडीची, तळहाताहून मोठी पोलादी प्लेट घालून त्यांचा भार चासीपर्यंत पोचला पाहिजे. बेल्टच्या बोल्टखालीही अशी प्लेट हवी आणि तिच्या कडा गोल घासलेल्या हव्यात, नाहीतर धारदार कड पत्रा फाडते.

पाइपच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. गावातला वेल्डर शेडच्या कामाचा किंवा पाण्याचा जीआय पाइप वाकवून देईल, रंग मारला की दिसायला सारखाच दिसतो. पण तो उभ्या शिवणीचा आणि मऊ, जोर आला की चेपतो. मोटारस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा, २.५ मिलिमीटर जाडीचा, बिनशिवणीचा पाइप सांगितलाय. ते माप कागदावर लिहून दुकानात ने. कमानीला मागून दोन तिरके आधार हवेत आणि खांद्याच्या उंचीला एक आडवी नळी हवी. डोकं जिथे लागू शकतं तिथे कडक फोम गुंडाळायचा, कारण उघडं लोखंड डोक्यामागे ठेवणं म्हणजे नवीन संकट.

एक गोष्ट तर विसरूच नकोस. जुन्या सीजे-थ्रीबी जीपमध्ये इंधनाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. तुझ्या जीपमध्येही ती तिथेच असेल, तर भोक पाडण्याआधी किंवा वेल्डिंगची ठिणगी उडण्याआधी टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवायची. ‘वरून ओलं पोतं टाकतो’ असं कुणी म्हणालं तर काम तिथल्या तिथे थांबव. ताई म्हणून सांगते, यात भीडभाड ठेवायची नाही. आणि वेल्डिंग पूर्ण होईपर्यंत पट्टे गाडीत आणायचेच नाहीत. एक ठिणगी पट्ट्यावर पडली तर धागे वितळतात, आणि वितळलेला पट्टा बदलण्याशिवाय इलाज नाही.

पट्टे घेताना भंगारातले घेऊ नकोस, मग ते कितीही चकचकीत दिसोत. धडक बसलेल्या गाडीचा पट्टा एकदा ताणला गेलेला असतो, त्याची ताकद संपलेली असते आणि डोळ्यांना ते कळत नाही. एअरबॅगवाल्या गाडीतले पट्टे तर नकोच नको, त्यांच्यात धडकेच्या क्षणी पट्टा आवळण्यासाठी बारीकशी स्फोटक पुडी असू शकते. नवे, मानकाची खूण असलेले पट्टे घे आणि त्यांच्यासोबत आलेलेच बोल्ट वापर. हे बोल्ट बहुधा ७/१६ इंची आणि बारीक आट्यांचे असतात. मिस्त्रीच्या डब्यातला जवळपासच्या मापाचा बोल्ट चालणार नाही.

आपोआप गुंडाळणाऱ्या पट्ट्याच्या रिळाबद्दल तू घाबरलीस, पण ते तसं सोपं आहे. रिळाच्या आत एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडी झटक्यानं थांबली किंवा तिरकी झाली की तो सरकतो आणि रीळ अडकवतो. म्हणून रीळ कंपनीनं सांगितलेल्या कोनातच बसवायचं. तिरकं बसलं तर एकतर पट्टा सुटतच नाही, किंवा हवा तेव्हा अडकत नाही. बसवून झाल्यावर पट्टा हळू ओढ, तो सरसर यायला हवा. मग एकदम झटका दे, तो जागीच थांबायला हवा. त्यानंतर मोकळ्या मैदानात सावकाश गाडी चालवून एकदा जोरात ब्रेक मारून बघ. जीप सारखी वावरातच जात असेल आणि धुळीनं रीळ अडखळत असेल, तर न गुंडाळणारा, हातानं आवळायचा तीन टोकांचा पट्टाही चालतो. मात्र तो दरवेळी अंगासरशी करून घ्यावा लागतो.

आता सीट. जुन्या जीपची शेजारची सीट पुढे दुमडते, मागे चढायला सोपं जावं म्हणून. तिला खाली खिट्टी नसेल तर धडकेत ती बसलेल्या माणसाच्या पाठीवरच येते. म्हणून दोन्ही सीट तळाला पक्क्या कर. मग पट्टा लावून आरशात बघ. खांद्याचा भाग गळ्यावर नको, दंडावर घसरलेलाही नको, हाडाच्या मधोमध हवा. कमरेचा भाग पोटावर नको, मांडीला लागून खाली, कमरेच्या हाडांवर हवा. साडी असेल तर पदराची जाड घडी पट्ट्याखाली गोळा होऊ देऊ नकोस, आणि पट्ट्याखाली सेफ्टी पिन तर नकोच. दिवस गेलेल्या बाईनंही पट्टा लावायचाच, फक्त कमरेचा भाग पोटाच्या खाली घ्यायचा.

मागच्या आडव्या बाकांचं बोलते, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. आडव्या बसलेल्या माणसाला खांद्याचा पट्टा लावला तर धडकेत त्याच्या मानेला इजा होऊ शकते. म्हणजे त्या बाकांना हे पट्टे चालतच नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया मागे दाटीवाटीनं बसतात, पोरं त्यांच्या मांडीवर असतात, हे मला ठाऊक आहे. शिवारातल्या वाटेवर जीव मुठीत धरून चाललंच तर वेगळं. पण वडकी ते पांढरकवडा हा ४४ नंबरचा हायवे आहे, तिथे ट्रकांच्या मधून मागे माणसं बसवून जायचं नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या सफारीत उघड्या जिप्सीत बेल्ट कुठे लावतात, असं कुणी म्हणेल. जंगलातली ती गाडी सावकाश चालते, तुला मात्र हायवे गाठायचाय. आणि मागे बसणाऱ्याला धोका कमी असं समजू नकोस. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. लेकरांचं तर कायद्यानंच सांगितलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा मुलांच्या खास सीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड होतो, आणि मोठ्यांनाही बेल्ट न लावल्यास तेवढाच. दंडाचं सोड, आठवडी बाजाराला जाताना लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसू नकोस एवढं माझं ऐक. ब्रेक लागला की हातांनी ते धरून ठेवता येत नाही.

आरटीओची धास्ती मनातून काढ, पण त्यांना विचारणं टाळू नकोस. त्याच कायद्याचं, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं, कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये मनमानी बदलांना लगाम घातलाय. म्हणून काम सुरू करण्याआधीच यवतमाळच्या कार्यालयात आरसी आणि रोल बारचं साधं रेखाटन घेऊन जा, काय चालेल ते विचार आणि उत्तर लेखी घे. शक्यतो चासी न कापता बोल्टनं बसणारी कमान निवड, ती उद्या काढताही येते. जीप ५० वर्षांहून जुनी असेल आणि तुला २०२१ च्या नियमानं ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर घ्यायचा असेल, तर ही काळजी दुप्पट घे. त्या नोंदणीला चासी-बॉडीत मोठे फेरफार चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढताही येत नाही. तुला ती रोज वावरात न्यायचीय, तेव्हा त्या नंबराचा मोह तुझ्या कामाचा नाही. आणि मिस्त्री ‘सोबत पुढे बुल बारही लावून देतो’ म्हणाला तर नको म्हण. डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

पुढची निगा फार नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि उघड्या गाडीत पट्टे दिवसभर उन्हात राहिले तर धागे कुजतात. जीप उभी केली की वर ताडपत्री टाक. मळले तर साध्या साबणाच्या पाण्यानं पूस आणि सावलीत वाळव. ब्लिचिंग, रंग, तेल काही लावू नकोस. पट्ट्याची कड उसवली, रंग फार उडाला किंवा एकदा जोराची धडक बसली, तर तो बदलायचा.

पैशाची ओढाताण होणार, ते दिसतंय मला. सगळं एकदम जमलं नाही तरी हरकत नाही, पण क्रम बदलू नकोस. आधी पत्रा आणि चासी, मग रोल बार, मग दोन पुढच्या सीट आणि त्यांचे पट्टे. हूड, रंग, चाकांचे नवे कॅप यांना शेवटी बघू. आणि हे होईपर्यंत जीप गावातच, हळू चालव, हायवेला दुसरी गाडी किंवा एसटी. बघ, घर, वावर, सासूबाईंची औषधं हे सगळं तू एकटीनं सांभाळतेस. मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसणं तुला जड नाही. उद्या सकाळी पहिलं काम म्हणून ती चटई काढ आणि हातोडी मारून बघ. आवाज कसा आला ते मला फोन करून सांग, मग पुढचं मिळून ठरवू.