लाइन गेली, सर्व्हर पडला… मग सेव्ह केलेली बिलं गेली कुठं?



एका सर्व्हरवर तीन-चार व्हर्च्युअल मशिनी चालवून खर्च कसा वाचवायचा, ते आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्याची दुसरी बाजू बघू. तीन मशिनी एकाच खांबाला बांधल्या आणि खांबच पडला, तर काय?

समजा, तुमची अकोल्याच्या एमआयडीसीत छोटी दालमिल आहे आणि विक्रीचं ऑफिस अमरावतीला. मिलमध्ये एकच सर्व्हर. एका मशीनवर टॅली, दुसरीवर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, तिसरीवर हजेरी. मे महिन्यातली दुपार. वादळ सुटलं, लाइन गेली, यूपीएसनं दोन मिनिटांत मान टाकली. लाइन आल्यावर सर्व्हर चालू झाला, पण टॅलीची मशीन काही उघडेना. मुनीमजी म्हणतात, "म्या त सारे बिलं सेव्ह केले होते, मंग गेले कुठी?"

मुनीमजी खोटं बोलत नाहीत. पण "सेव्ह झालं" आणि "डिस्कवर पोचलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा धडा एवढाच आहे.

बिल डिस्कवर कसं पोचतं?

तुम्ही सेव्ह दाबलं की बिल आधी व्हर्च्युअल मशीनच्या मेमरीत जातं. तिथून आतल्या फाईल सिस्टमकडे, मग होस्टच्या मेमरीत, मग रेड कार्डाच्या कॅशमध्ये आणि सगळ्यात शेवटी डिस्कवर. वेग वाढावा म्हणून मधला प्रत्येक टप्पा माल थोडा वेळ स्वतःजवळ ठेवू शकतो. त्याच क्षणी वीज गेली तर जे मेमरीत होतं ते गेलं.

मग फाईल सिस्टम एवढी कच्ची असते का? नाही. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट४ या दोन्ही जर्नल ठेवतात. जर्नल म्हणजे आपली कीर्द समजा. आधी कीर्दीत नोंद, मग खतावणीत. मध्येच दिवा गेला तर कीर्द पाहून खतावणी पूर्ण करता येते.

पण इथं दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ही कीर्द मुख्यतः फाईलची रचना सांभाळते, आतल्या बिलाचा मजकूर नाही. दुसरी अडचण मोठी आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणते, "ही नोंद डिस्कवर उतरव, मग सांग." होस्टची कॅश चुकीच्या सेटिंगवर असेल, तर तो न उतरवताच "झालं" म्हणून टाकतो. मग खतावणी आधी आणि कीर्द नंतर असा उलटा क्रम होऊ शकतो. फाईल सिस्टम बिघडते ती इथं.

मोठ्यांचंही होतं

ऑगस्ट २०१५ मध्ये बेल्जियममधल्या गूगलच्या डेटा सेंटरला वीज पुरवणाऱ्या ग्रिडवर चार वेळा वीज कोसळली. तिथं बॅटरी बॅकअप होता. तरी पुन्हापुन्हा वीज गेल्यानं काही स्टोरेजच्या बॅटऱ्या उतरल्या आणि नुकताच लिहिलेला थोडा डेटा कायमचा गेला. प्रमाण अगदी नगण्य होतं, एकूण जागेच्या ०.०००००१ टक्क्याहून कमी. पण ज्याचा गेला त्याचा गेलाच.

आपल्याकडे अवकाळीत लाइन तशीच जाते, येते, पुन्हा जाते. खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला असतो, कारण तोवर बॅटरी भरलेली नसते. त्यात अकोल्याचा उन्हाळा! साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहाएक अंशाला साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. पत्र्याखाली ठेवलेला यूपीएस दिवा दाखवतो, ताकद दाखवत नाही.

सर्व्हर पडल्यावर काय करायचं? क्रम चुकवू नका

१. घाईनं मशिनी चालू करू नका. लाइन स्थिर होऊ द्या, यूपीएस चार्ज होऊ द्या.

२. आधी होस्ट तपासा. डिस्क, रेड आणि होस्टची स्वतःची फाईल सिस्टम. पाया हलत असताना भिंत लिंपून उपयोग नाही.

३. बिघडलेल्या व्हर्च्युअल डिस्कच्या फाईलची पूर्ण कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्या. ही पायरी लोक गाळतात आणि नंतर रडतात.

४. दुरुस्ती त्या कॉपीवर करून बघा. विंडोजला चेकडिस्क, लिनक्सला एफएससीके. आधी फक्त तपासणी, मग दुरुस्ती. लक्षात ठेवा, ही टूलं फाईल सिस्टमची रचना जुळवायला बनली आहेत, तुमची बिलं वाचवायला नाहीत. रचना जुळावी म्हणून ती अर्धवट फाईल कापूनही टाकतात.

५. मशीन उघडली म्हणजे काम झालं असं नाही. टॅलीतलं शेवटचं बिल, काट्याच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट जुळवा. जुळलं नाही तर बॅकअप रिस्टोअर करा आणि राहिलेली बिलं कागदावरून पुन्हा चढवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

- यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि बॅटरी उतरू लागली की आधी आतल्या मशिनी, मग होस्ट आपोआप बंद होईल असं सेटिंग करा. बऱ्याच ठिकाणी ही केबल खोक्यातच पडून असते.
- होस्टचं कॅश सेटिंग माहीतगाराकडून तपासून घ्या. रेड कार्डाला बॅटरी नसेल तर त्याची राइट-बॅक कॅश बंद ठेवा.
- स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. तो त्याच डिस्कवर असतो; डिस्क गेली की तोही गेला.
- बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. मिल अकोल्याला, तर एक प्रत अमरावतीला.
- महिन्यातून एकदा बॅकअप खरंच रिस्टोअर करून बघा. २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की बॅकअपच्या बऱ्याच सोयी नीट चालतच नव्हत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

खर्च परवडतो का?

साधं गणित करा. दिवसाला १२० बिलं, एक पुन्हा चढवायला ३ मिनिटं. म्हणजे ३६० मिनिटं, पूर्ण सहा तास. तेही कागद जपले असतील तर! शिवाय जीएसटीच्या हिशोबवह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. तुमचा धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर २०२२ पासून हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं नियमानं बंधनकारक आहे. "सर्व्हर पडला होता" हे कारण तिथं चालत नाही.

या रविवारचा गृहपाठ

वहीत तीन ओळी लिहा: शेवटचा बॅकअप कधी घेतला? तो कुठं ठेवलाय? तो उघडून कधी पाहिला? तिसऱ्या ओळीत तारीख लिहिता आली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही, फक्त भरवसा आहे. आणि राजेहो, भरवशावर उधारी देत नाही आपण, मग हिशोब काहून ठेवायचा?