मॉर्फिन, कायदा आणि वेदनामुक्ती

देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शी येथे सुरू झाली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुकेही तिच्या कक्षेत होते. ग्रामीण रुग्ण उपचारासाठी फार उशिरा येतात, हे अशा नोंदींमधून पुढे आले. उशिरा आलेल्या रुग्णाचा आजार पूर्ण बरा करणे अनेकदा शक्य नसते. वेदना मात्र आटोक्यात आणता येतात. तीव्र वेदनांसाठी तोंडावाटे मॉर्फिन द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सुचविले होते.

मॉर्फिन अफूपासून तयार होते व कायदेशीर अफूची शेती आपल्या देशात होते. तरीही १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीच्या अधिनियमानंतर ते रुग्णांना दुर्मीळ झाले. एका औषधासाठी अनेक परवाने, राज्यागणिक निराळे नियम आणि कठोर शिक्षेची धास्ती, यामुळे बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले.

२०१४ च्या दुरुस्तीने व २०१५ च्या नियमांनी देशभर एकच पद्धत आणली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन आदी सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली. मात्र या नियमांचा भार सर्वांवर सारखा नाही. खाजगी डॉक्टरांस स्वतःच्या रुग्णांसाठी मर्यादित साठाच बाळगता येतो. विक्री करता येत नाही. औषधविक्रेत्यास परवाना व काटेकोर नोंदी सांभाळाव्या लागतात. मागणी थोडी असल्यास तो या वाटेला सहसा जात नाही. रुग्णालयास मात्र राज्याच्या औषध नियंत्रकांकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता मिळविता येते. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर, सुरक्षित साठा, प्रत्येक मात्रेची नोंद आणि वार्षिक गरजेचा अंदाज आवश्यक असतो.

या मान्यतेचे मोल रुग्णाच्या घरी कळते. जवळ अशी संस्था नसेल, तर नातेवाइकांना केवळ गोळ्यांसाठी सोलापूर वा लातूरची वाट धरावी लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तोवर अंथरुणावरचा माणूस कण्हत राहतो.

कुटुंबीयांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनांसाठी घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. तथापि ते कुलूपबंद ठेवावे, दुसऱ्या कोणासही देऊ नये आणि उरलेल्या गोळ्या रुग्णालयात आणून द्याव्यात.

इमारत व यंत्रे यांसाठी दात्यांचे हात सदैव पुढे आले आहेत. एक कुलूपबंद कपाट, एक नोंदवही आणि एका डॉक्टरचे प्रशिक्षण यांना त्या मानाने खर्च अल्प लागतो. तेवढ्याने अखेरच्या दिवसांतील रुग्णास शांत झोप मिळू शकते. याहून मोठे दान कोणते असू शकेल?