परदेशप्रवास आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू

परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाचे सामान विमानतळावर तपासले जाते. त्याच्या आतड्यातून कोणते जिवाणू आले, हे मात्र कोणी तपासत नाही आणि त्यालाही ते ठाऊक नसते. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी शिक्षण व नोकरीनिमित्त आज देशोदेशी ये-जा करतात. म्हणून या विषयाची ओळख करून देणे आम्हांला अगत्याचे वाटते.

मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू नांदतात. त्यांपैकी ई. कोलाय हा जिवाणू बहुतेकांच्या आतड्यात असतो व सहसा अपाय करीत नाही. त्याचे काही प्रकार मात्र ‘ईएसबीएल’ नावाची विकरे तयार करतात. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन या गटांतील बहुतेक औषधांचे रेणू मोडून ही विकरे ती औषधे निकामी करतात. हा गुण देणारे जनुक पुष्कळदा ‘प्लाझ्मिड’ या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर असते. जिवाणू या वर्तुळाची प्रत शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो. तो शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरीही. त्यामुळे बाहेरून आलेला जिवाणू नाहीसा झाला, तरी त्याने दिलेला गुण मागे राहू शकतो.

नेदरलँड्समधील सुमारे २,००० प्रवाशांचा एक मोठा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रवासापूर्वी व परतल्यावर त्यांच्या शौचाचे नमुने तपासण्यात आले. आधी ज्यांच्या आतड्यात असे जिवाणू नव्हते, त्यांपैकी सुमारे ३४ टक्के प्रवासी ते घेऊन परतले. दक्षिण आशियातून परतलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होते. निम्म्या लोकांच्या आतड्यांतून हे जिवाणू साधारण महिनाभरात गेले. सुमारे ११ टक्के लोकांत ते वर्षानंतरही आढळले. प्रवासाला न गेलेल्या घरच्या माणसांपर्यंतही ते पोहोचू शकतात, हेही या अभ्यासातून पुढे आले.

दक्षिण आशिया म्हणजे आपलेच अंगण. येथे दूषित पाणी, प्रक्रियेविना सोडलेले सांडपाणी आणि औषधांचा सैल वापर एकत्र येतात. २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णात कार्बापेनेम या राखीव औषधांनाही निष्प्रभ करणारे ‘एनडीएम-१’ विकर सापडले. त्या रुग्णावर पूर्वी नवी दिल्लीत उपचार झाले होते. प्रवासाची वाट दुहेरी असते, हे यावरून ध्यानात यावे.

असे जिवाणू आतड्यात असले, तरी धडधाकट माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. तेच मूत्रमार्गात किंवा रक्तात शिरले, तर नेहमीची औषधे लागू पडत नाहीत. नवजात बालके, वृद्ध आणि कर्करोगाचे रुग्ण यांना हा प्रसंग जिवावर बेतू शकतो.

याच अभ्यासात, प्रवासात प्रतिजैविके घेतलेल्यांना असे जिवाणू अधिक प्रमाणात चिकटल्याचे दिसले. याचे कारण समजण्यास सोपे आहे. औषधाने आतड्यातील नेहमीचे रहिवासी मरतात आणि औषधाला न जुमानणाऱ्यांना मोकळी जागा मिळते. प्रवासातील साधे जुलाब बहुधा थोड्या दिवसांत आपोआप थांबतात. तेव्हा क्षार-साखरेचे पाणी वेळोवेळी घ्यावे. शौचात रक्त, तीव्र ताप किंवा अतिशय अशक्तपणा असल्यास मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. औषधाच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. परतल्यावर काही महिन्यांत रुग्णालयात जावे लागले, तर आपल्या प्रवासाची माहिती अवश्य सांगावी. त्यावरून योग्य औषध निवडणे सोपे जाते.

एका पंगतीत जेवणाऱ्या वसतिगृहातील मुलांना शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय आम्ही लावतो. त्या सवयीचे शास्त्रीय कारण आता स्पष्ट व्हावे. जो स्वतःचे हात धुतो, तो शेजारच्या ताटाचेही रक्षण करतो. ही शिकवण आमच्या माजी विद्यार्थ्यांनी जेथे जातील तेथे सोबत न्यावी.