पडत्या पापणीचं वेळापत्रक: काय करावं, काय टाळावं

मायस्थेनिया ग्रेव्हिस झालेल्या माणसाला सकाळी पाहिलं, तर याला काही झालंय यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. दुपारनंतर एक पापणी उतरू लागते, एकाचे दोन दिसतात, जेवताना जबडा दमतो. तासभर पडून उठलं की पुन्हा बरं. नस धड असते, स्नायूही धड असतो. दोघं जिथे भेटतात तिथे निरोप पोचत नाही, कारण तो निरोप घेणाऱ्या जागांवर शरीराच्याच प्रतिपिंडांनी हल्ला केलेला असतो. नागाचं विषही याच जागा अडवतं. म्हणून नाग चावलेल्याच्या पापण्या आधी पडतात. आणि त्याला विषावरच्या लसीच्या जोडीला जे निओस्टिग्मिन टोचतात, तेच १९३५ साली ग्रीनिचच्या डॉक्टर मेरी वॉकर यांनी या आजारात वापरून दाखवलं होतं.

करावं: कामं ताकदीच्या वेळेला लावावीत. बँक, बाजार, अंघोळ सकाळी. हात वर धरून करायची कामं सगळ्यात लवकर दमवतात: वेणी घालणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, लोकलची कडी धरून उभं राहणं. दोरी खाली बांधा, वेणी बसून घाला. विश्रांती दमल्यावर नको, दमण्याआधी घ्या.

टाळावं: कडक ऊन आणि कढत पाण्याची अंघोळ. उष्णतेनं अशक्तपणा वाढतो. मे महिन्यात हे वेगळं सांगावं लागत नाही.

करावं: पायरिडोस्टिग्मिनची गोळी घड्याळ लावून घ्यावी. तिचा जोर अर्ध्या-पाऊण तासात येतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून ती जेवणाआधी अर्धा तास बसवून घ्यावी. मोठं जेवण सकाळचं. रात्री भाकरी असेल तर दुधात कुस्करून, नाहीतर गुरगुट्या भात. पातळ ताक नाकावाटे येत असेल किंवा पाण्यानं ठसका लागत असेल, तर लाजून गप्प बसू नका. घशाचे स्नायू दमल्याची ती खूण आहे, डॉक्टरांना सांगायलाच हवी.

टाळावं: आज जास्त थकवा आहे म्हणून मनानं दोन गोळ्या जास्त घेणं. प्रमाण फार झालं की लाळ सुटते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, स्नायू फडफडतात आणि अशक्तपणा उलट वाढतो. स्टिरॉइडची गोळी मनानं बंद करणं तर त्याहून वाईट. ती सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात काहींचा त्रास आधी वाढतो, हेही घरच्यांना ठाऊक असावं.

टाळावं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: मेडिकलवाल्याला लक्षण सांगून गोळी घेणं. आपल्याकडे जुलाब झाले की नॉरफ्लॉक्सासिन, लघवीला जळजळलं की सिप्रो, घसा धरला की अझिथ्रो, असा पाठच झालेला आहे. इतरांना निरुपद्रवी वाटणाऱ्या या गोळ्या मायस्थेनियात श्वासापर्यंत संकट आणू शकतात. जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शनं, मलेरियातली क्विनाइन आणि क्लोरोक्विन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, रक्तदाबाच्या आणि अर्धशिशीच्या काही गोळ्या (प्रोप्रॅनोलॉल त्यातलीच), सुरकुत्यांवरचं बोटॉक्स हीही त्याच यादीत. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. डोळ्यातला थेंब औषध आहे हेच आपण विसरतो. यातलं काही आधीपासून चालू असेल तर मनानं थांबवू नका, न्यूरोलॉजिस्टना विचारा. कधी यातलंच एखादं द्यावं लागतं, पण ते रुग्णालयात, नजर ठेवून.

करावं: आजाराचं नाव, चालू औषधं आणि धोक्याची औषधं लिहिलेला कागद पाकिटात ठेवावा. दात काढायला गेलात तरी तो दाखवा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर आधी दाखवा. दिवस गेले असतील तर प्रसूतीच्या डॉक्टरांनाही, कारण झटके रोखायला दिलं जाणारं मॅग्नेशियम इथे चालत नाही.

करावं: छातीचा सीटी स्कॅन सांगितला तर टाळू नये. शंभरात दहा-पंधरा जणांना छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ निघते. ती काढावीच लागते. गाठ नसतानाही काहींना ग्रंथी काढल्याचा फायदा होतो, पण तो दिसायला महिने, कधी वर्षं लागतात.

टाळावं: प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे. इथे प्रतिकारशक्ती कमी नाही, भरकटलेली आहे.

करावं: दुहेरी दिसत असेल तर एका डोळ्यावर पट्टी, आलटूनपालटून. चष्म्याच्या फ्रेमला पापणी उचलून धरणारी तार बसवून मिळते. हाच आजार असलेले ग्रीक जहाजमालक ओनासिस पापण्यांना चिकटपट्ट्या लावत. पैसा असून उपाय हाच. दुहेरी दिसत असताना स्कूटर मात्र नको, ‘कोपऱ्यापर्यंतच’ म्हणूनही नको.

करावं: एका दमात किती आकडे मोजता येतात ते बरं असताना मोजून ठेवावं. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. तुमचा आकडा घसरत वीसच्या खाली आला, आडवं पडल्यावर दम लागला, लाळ गिळता येईना किंवा मान धरता येईना, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

टाळावं: अशा वेळी ऑक्सिमीटरवर विसंबणं. कोविडनंतर तो घरोघरी आहे, आणि ९७ दिसलं की सगळे निर्धास्त होतात. श्वासाचे स्नायू दमत असताना तो आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो.

घरच्यांनी टाळावं: ‘झोप झाली नाही का?’, ‘घेतलीय का?’ असे विनोद. बोलणं गेंगाणं होतं, हसू अर्धवट उमटतं, लग्नाच्या फोटोत माणूस रुसल्यासारखा दिसतो. अमिताभ बच्चन यांनी आपल्याला हा आजार झाल्याचं जाहीर सांगितलंय, त्याचा धीर द्यायला उपयोग करा. ‘ते बघ किती काम करतात’ असं म्हणायला नको.

आणि अपॉइंटमेंट सकाळी दहाची मिळाली असेल, तर आदल्या संध्याकाळी सातला आपल्या पडलेल्या पापणीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा.