बारूखाने पुन्हा शाई घेतली

शास्त्रभाग : यिर्मया ३६ व ४५



गेल्या महिन्यात आमचा प्रोजेक्ट बंद झाला. चौदा महिन्यांचं काम, आणि निर्णय सांगायला वीस मिनिटांची मीटिंग. नोकरी राहिली, पण मी लिहिलेला कोड आता कुठेच चालणार नाही. (एकजण म्हणाला, "गिटमध्ये सेफ आहे ना!" पेटीतला शालूही सेफच असतो.)

त्याबरोबर माझं दुसरं लिखाणही थांबलं. पहाटे वचन वाचून पाच-सहा ओळी लिहायच्या आणि घरच्या ग्रुपवर टाकायच्या, ही सहा वर्षांची सवय. वाटलं, हे तरी कोण वाचतं? दोन जोडलेले हात येतात, एक "आमेन" येतो, संपलं.

अशा मनाने यिर्मयाचा ३६ वा अध्याय वाचला. संदेश यिर्मयाने सांगितला, लिहिला बारूखाने. कसं लिहिलंस, असं अधिकाऱ्यांनी विचारलं, तर त्याचं उत्तर साधं : तो सांगत गेला, मी शाईने लिहीत गेलो. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली गेली. थंडीचे दिवस, समोर शेगडी. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापायचा आणि आगीत टाकायचा. तिघांनी विनवलं तरी ऐकलं नाही. सगळी गुंडाळी गेली.

आता ४५ वा अध्याय उघडा. पाचच वचनं, आणि सगळी एकट्या बारूखासाठी. काळ नीट पाहा : यहोयाकीमाचं चौथं वर्ष. गुंडाळी जळाली पाचव्या वर्षी. म्हणजे "मी थकलो, विसावा नाही" असा तो कण्हत होता, तेव्हा अजून काही जळालंही नव्हतं! देव त्याला म्हणतो, स्वतःसाठी मोठं काही शोधू नकोस. जिथे जाशील तिथे तुझा जीव तेवढा वाचेल. हे मला नेहमी कठोर वाटायचं. पण त्याच्या आधीचं वचन मी इतकी वर्षं घाईत ओलांडत होतो. देव सांगतो की त्याने बांधलेलं तो स्वतःच पाडतोय, त्याने लावलेलं स्वतःच उपटतोय. बारूखाचं काम जायच्या आधी देव त्याला आपलं काम जातंय हे सांगतो, एका लेखनिकाला! तिथे मी बराच वेळ थांबलो.

शनिवारी नगरहून आईचा फोन. "अरे, तुझं वचन येईना. तब्येत बरी आहे ना?"

कामात होतो म्हटलं.

"शेजारच्या मावशींना आता दिसत नाही. मी वाचून दाखवते रोज. सध्या वहीतलं जुनंच वाचतेय."

"कसली वही?"

मोबाईलवर मागचं सापडत नाही म्हणून आई ते वहीत उतरवून ठेवते. तिसरी वही चालू आहे. मला पत्ताच नव्हता.

गुंडाळी जळाल्यावर यिर्मयाने दिलेली दुसरी बारूखाने घेतली. पहिल्यातलं सगळं पुन्हा लिहिलं, आणि तशाच पुष्कळ गोष्टींची त्यात भर पडली (३६:३२). लिहिताना त्याला काय वाटलं, ते शास्त्रात नाही.

प्रोजेक्टची आठवण आली की अजून पोटात कालवतं. तरी काल पहाटे लिहिलं, आणि बऱ्याच दिवसांचं साठलेलं असल्याने लांबलं. थोड्या वेळाने आईचा मेसेज आला : "चांगलं आहे. पण जरा थोडक्यात लिहीत जा, माझा हात दुखतो."