पारपत्र बदलले, मिळकत राहिली
(परदेशस्थ कुटुंबीयांच्या स्थावराविषयी काही उपयुक्त विचार)

पेढीच्या वह्या जितक्या काळजीने ठेवाव्या लागतात, तितक्याच काळजीने स्थावर मिळकतीचे दस्तऐवज जपावे लागतात, हे आमच्या व्यापारी बंधूंना निराळे सांगावयास नको. तथापि गेल्या काही दशकांत एक नवाच प्रश्न घरोघरी उपस्थित झाला आहे. मुलगा लंडनला, पुतण्या लिस्बनला, मुलगी कॅनडात. तेथे प्रथम निवासाचा परवाना मिळतो, कालांतराने तेथील नागरिकत्वही घेतले जाते. आणि इकडे मडगावचे दुकान, म्हापशाचे घर किंवा बेळगावच्या बाजारपेठेतील गुदाम त्यांच्या हिश्श्यासह तसेच उभे असते. पुढे ते विकण्याची वेळ आली, म्हणजे घरात दोन परस्परविरुद्ध मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, “तो आता परका झाला, त्याचा हक्क गेला.” कोणी म्हणतो, “घर आपलेच आहे, त्यात विचारावयाचे काय?” ही दोन्ही मते चुकीची आहेत. पहिल्या मताने भावाभावांत वितुष्ट येते, तर दुसऱ्याने पैशाचे नुकसान होते. योग्य मार्ग कोणता, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. तीन निरनिराळ्या गोष्टी

नागरिकत्व, निवास आणि स्वामित्व या तीन गोष्टी एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत. बहुतेक घोटाळे त्यांची सरमिसळ केल्यामुळेच होतात.

नागरिकत्व म्हणजे आपण कोणत्या राष्ट्राचे, हे ठरविणारे नाते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमान्वये जो भारतीय स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारतो, त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपुष्टात येते. त्यासाठी निराळ्या हुकमाची गरज नाही. आपले जुने पारपत्र, अर्थात पासपोर्ट, त्याने परत करावयास हवा. त्यानंतर तो वापरणे गुन्हा ठरते.

निवास म्हणजे आपण प्रत्यक्ष कोठे राहतो, ही गोष्ट. दुबईत वीस वर्षे दुकान चालविणारा आपला बांधव भारताचाच नागरिक असतो, पण निवासी नसतो. उलटपक्षी ब्रिटिश पारपत्र असलेला एखादा गृहस्थ वृद्धापकाळी बेळगावात येऊन स्थायिक झाला, तर तो परकीय नागरिक असूनही करापुरता निवासी ठरू शकतो.

स्वामित्वाची गोष्ट तिसरी. कायदेशीर रीतीने मिळालेली मिळकत केवळ पारपत्र बदलल्याने जात नाही. जो भारतात निवासी असताना मिळकत घेतो किंवा निवासी व्यक्तीकडून वारशाने मिळवितो, त्याला पुढे परदेशी गेल्यावरही ती धारण करता येते, हे १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने स्पष्टपणे मान्य केले आहे. तात्पर्य, मालकी टिकते. विकण्याची वाट मात्र बदलते.

२. गोव्यातील कुटुंबांची विशेष स्थिती

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या नागरिकत्वविषयक आदेशाने तेथील जनतेला भारतीय नागरिकत्व मिळाले, आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तथापि मुक्तीपूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांस व त्यांच्या मुला-नातवंडांस आपले नागरिकत्व नोंदविण्याचा मार्ग पोर्तुगालने खुला ठेवला, आणि पुष्कळांनी तो पत्करला. ते पारपत्र हाती घेऊन अनेक तरुण इंग्लंडास गेले. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. त्यापूर्वी व त्यानंतरच्या संक्रमणकाळात, म्हणजे २०२० च्या अखेरपर्यंत, जे तेथे राहावयास गेले होते, त्यांना निवासाच्या हक्कासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करण्याची सवलत देण्यात आली. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळणारा तो कायम निवासाचा हक्क सलग पाच वर्षे देशाबाहेर राहिल्यास नष्ट होतो.

येथे एक मौजेची गोष्ट वाचकांच्या ध्यानात येईल. परदेशातील निवासाचा परवाना गैरहजेरीने जातो, पण मायदेशातील घराची मालकी गैरहजेरीने तशी जात नाही. म्हणून परवान्याच्या घाईपायी घर मिळेल त्या भावाने विकून टाकण्याचे काहीही कारण नसते.

३. परत येण्याचा परवाना

नागरिकत्व गेलेल्या माणसाला मायदेशी येण्याजाण्यासाठी परवाना लागतो. यासाठी २००५ पासून परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाची, म्हणजे लोकभाषेत ‘ओसीआय’ कार्डाची योजना आहे. त्याच्या नावात ‘नागरिक’ शब्द असला, तरी ते नागरिकत्व नव्हे. तो जन्मभराचा प्रवेशपरवाना आहे. कार्डधारकास कितीही दिवस राहिले तरी परकीयांच्या कचेरीत नावनोंदणी करावी लागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात समाविष्ट झालेल्या प्रदेशातील लोकांनाही या कार्डाची पात्रता दिलेली असल्यामुळे गोव्याच्या कुटुंबांस ते लागू पडते.

मिळकतीच्या दृष्टीने या कार्डाचे महत्त्व फार मोठे आहे. कार्डधारकाला घर, दुकान, गुदाम विकत घेता येते व विकता येते. ज्याच्याजवळ ते नाही अशा परकीय नागरिकाची वाट फार अडचणीची होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न पदोपदी उभा राहतो. सबब पारपत्र बदलताच कार्डाचा अर्ज करावा, विक्रीच्या वेळेची वाट पाहू नये.

४. काय विकता येते, आणि कोणाला

२०१९ च्या नियमांप्रमाणे कार्डधारक किंवा अनिवासी भारतीय आपली कोणतीही मिळकत भारतात राहणाऱ्यास विकू शकतो. दुसऱ्या अनिवासी भारतीयास अथवा कार्डधारकास विकावयाची असेल, तर मात्र शेतजमीन, शेतघर व मळ्याची जमीन वगळावी लागते. अशी जमीन त्यांना नव्याने विकत घेताही येत नाही, मात्र वारशाने आलेली ठेवता येते. म्हणून एक-चौदाचा किंवा सात-बाराचा उतारा पाहून जमिनीचा प्रकार आधी निश्चित करावा. गोव्यात तर २०२३ च्या कायद्याने भातशेतीच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निराळे निर्बंध घातले आहेत.

जुन्या व्यवहारांविषयीही सावधगिरी हवी. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली, म्हणजे १ जून २००० रोजी नवा कायदा अमलात येईपर्यंत, परकीय नागरिकाने स्थावर हस्तांतरित करण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेची परवानगी घेणे आवश्यक होते. बंगळूरमधील एका जागेचे १९७७ साली अशा परवानगीवाचून झालेले बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली अंमलबजावणीस अपात्र ठरविले. पूर्वीच अंतिम झालेले व्यवहार या निकालाने पुन्हा उघडले जाऊ नयेत, असेही न्यायालयाने म्हटले. तथापि त्या काळात परकीय मालकाकडून आलेली मिळकत घेताना जुनी परवानगी दप्तरात आहे की नाही, हे पाहणे शहाणपणाचे.

५. वारस आणि सह्या

गोव्याच्या कुटुंबांत १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता अद्याप कुटुंब व संपत्तीच्या व्यवहारांचा पाया आहे. तीनुसार सामान्यतः विवाहानंतर पतिपत्नींची मिळकत सामाईक होते, आणि स्थावर विकताना दोघांचीही संमती लागते. त्यामुळे भाऊ इंग्लंडात असेल, तर त्याचीच नव्हे, तर वहिनींचीही सही लागते. वारसांची वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या न्यायालयीन कार्यवाहीने होते. तीविषयीचा २०१२ चा गोव्याचा कायदा डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये असाही निर्णय दिला आहे की, गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीची गोव्याबाहेर भारतात कोठेही असलेली मिळकत वारशाने उतरताना हीच संहिता लागू होते. ज्यांचे घर पणजीस आणि गुदाम बेळगावास, अशा आमच्या सभासदांनी या निर्णयाचा अवश्य विचार करावा. ज्यांना ही संहिता लागू नाही अशा जैन कुटुंबांस १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मुलगी परदेशी नांदत असली, तरी तो कमी होत नाही.

६. मुखत्यारपत्र

सहीसाठी प्रत्येकाने विमानाने यावे, असे नाही. परदेशातून मुखत्यारपत्र पाठविता येते. ते तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावे, किंवा नोटरीसमोर करून, पोर्तुगाल व ब्रिटनसारख्या देशांत, ‘अपोस्टिल’ हा आंतरराष्ट्रीय शिक्का घ्यावा. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घेतला पाहिजे. कोणती मिळकत, कोणते अधिकार, पैसा कोणत्या खात्यात, हे त्यात स्पष्ट लिहावे. मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे, हे मात्र विसरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नि:संदिग्धपणे सांगितले आहे की, नोंदविलेल्या खरेदीखतावाचून मालकी बदलत नाही.

७. घेणाराची जबाबदारी

आतापर्यंतचे विवेचन विकणाराच्या बाजूचे झाले. आमचे पुष्कळ सभासद घेणाराच्या बाजूस असतात, आणि खरा धोका तेथेच आहे.

निवासी विक्रेत्याकडून शेतजमिनीव्यतिरिक्तचे ५० लाख रुपये वा अधिक किमतीचे स्थावर घेताना १ टक्का कर कापून भरावा लागतो. विक्रेता अनिवासी असेल, तर किमतीची ही किमान मर्यादा लागूच नसते आणि दरही निराळा असतो. दोन वर्षांहून अधिक काळ धारण केलेल्या मिळकतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर, शिवाय उपकर व मोठ्या रकमेवर अधिभार लागतो. येथे पारपत्र नव्हे, निवास पाहिला जातो. विक्रेता भारताचा नागरिक असूनही अनिवासी असेल, तर हाच नियम.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक अनिवासी गृहस्थ वडिलार्जित दुकान ४८ लाखांस विकत आहेत. मिळकत १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवशीची वाजवी किंमत मूळ किंमत धरता येते. ती १६ लाख मानू. नफा ३२ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी ४ लाख, व ४ टक्के उपकर १६,००० मिळून खरा कर ४,१६,००० रुपये होतो. परंतु प्राप्तिकर अधिकाऱ्याचा कमी कपातीचा दाखला नसेल, तर घेणारा पूर्ण किमतीवर, म्हणजे ६,२४,००० रुपये कापतो, आणि २,०८,००० रुपये परत मिळविण्यासाठी विक्रेत्याला विवरणपत्र भरून थांबावे लागते. उलट घेणाराने ५० लाखांखालचा व्यवहार समजून काहीच कापले नाही, तर कर व व्याज त्याच्याच मानेवर बसते. म्हणून साठेखत करण्यापूर्वी विक्रेत्याचे पारपत्र पाहावे, त्याच्या निवासाविषयी लेखी निवेदन घ्यावे, आणि कमी कपातीच्या दाखल्याचा अर्ज आधीच करावयास सांगावे.

नफ्यावरील कर वाचविण्याचे मार्ग अनिवासी विक्रेत्यासही मोकळे आहेत. घराचा नफा ठरलेल्या मुदतीत भारतातील दुसऱ्या घरात, किंवा सहा महिन्यांच्या आत सरकारमान्य रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतविता येतो.

८. पैसा परदेशी नेणे

वारशाने आलेल्या मिळकतीच्या विक्रीचा पैसा विक्रेत्याच्या अनिवासी साधारण खात्यात जमा व्हावा. भावाच्या खात्यात नव्हे. तेथून कर चुकता केल्यावर एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. त्यासाठी बँक सनदी लेखापालाचा दाखला, खरेदीखत व वारशाचे कागद मागते. रोखीने घेतलेली रक्कम या मार्गाने कधीच जात नाही. काळ्या पैशाची सवय येथे विक्रेत्यालाच अडकविते.

समारोप

या सर्व विवेचनाचे सार एवढेच की, परदेशी गेलेला आप्त परका होत नाही, आणि त्याची मिळकतही बेवारस होत नाही. पण तिची व्यवस्था वेळेवर करावी लागते. वडीलमंडळी हयात आहेत, दस्तऐवजांचा इतिहास त्यांच्या स्मरणात आहे आणि भावंडांत गोडी आहे, तोवरच वारसांची यादी, उतारे, जुनी खते, पारपत्रांच्या व कार्डांच्या प्रती एका दप्तरात लावून ठेवाव्यात. प्रत्येक व्यवहाराचे तपशील निराळे असल्यामुळे प्रत्यक्ष विक्रीपूर्वी वकील व सनदी लेखापाल यांचा सल्ला घ्यावाच. दिवाळीस पेढीच्या वह्यांचे पूजन होते, तेव्हा हे दप्तरही एकदा उघडून पाहण्याचा परिपाठ सभासदांनी घालावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.