शिकाऊ उमेदवाराचा पहिला धडा
(शब्बाथ शाळेचे शिक्षक व तरुण संघ यांच्यासाठी)

दहावीचा निकाल लागला की आपल्या मंडळ्यांतील काही मुले महाविद्यालयाकडे वळतात आणि काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, नाव घालतात. महाविद्यालयात गेलेल्यांचे पेढे वाटले जातात. आयटीआयमध्ये गेलेल्याविषयी मात्र "काय करणार, टक्के कमी पडले" असे हलक्या आवाजात सांगण्यात येते. पुढे तोच मुलगा कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला जाऊ लागतो. तो सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परत येतो, एवढेच घरच्यांना ठाऊक असते. तेथे तो काय शिकला, त्याला कशाचे भय वाटले, हे त्याला कोणी विचारीत नाही. म्हणून या पाठात आपण त्याच्याबरोबर कारखान्याच्या फाटकातून आत जाऊ या.

१. संस्थेतील शिक्षण आणि कारखान्यातील शिक्षण

आपल्या देशात आयटीआयमधून दिल्या जाणाऱ्या कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री असे अनेक व्यवसाय तीत शिकवले जातात. आजच्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तास जवळच्या एखाद्या कारखान्यात प्रत्यक्ष कामावर शिकण्यासाठी राखलेले आहेत. कारखाना मिळाला नाही तर त्याऐवजी गटाने एखादा प्रकल्प करावा लागतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर पुष्कळ मुले १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आणखी काही काळ कारखान्यात शिकतात.

दोन्ही ठिकाणी यंत्रे तीच असतात, कानस तीच असते, तरी दोन्हींत मोठा फरक आहे. संस्थेत मुलगा लोखंडाचा तुकडा कानशीने घासतो. तो बिघडला तर गुण कमी होतात आणि तुकडा भंगारात जातो. त्या तुकड्याची वाट पाहणारे दुसरे कोणी नसते. कारखान्यात तसे नाही. एकाच्या हातून निघालेली वस्तू दुसऱ्याच्या हातात जाते, तेथून तिसऱ्याच्या, आणि शेवटी अशा माणसाच्या घरी किंवा शेतावर जाते की ज्याला आपण कधी पाहणार नाही. नवा मुलगा हे ऐकतो, मान डोलावतो, पण त्याला ते उमगत नाही. आम्हांलाही उमगले नव्हते.

२. दोन दांड्यांची गोष्ट

१९७८ साली आम्ही टर्नरचे शिक्षण घेत असता बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान कारखान्यात काम शिकायला गेलो. तेथे पाण्याच्या पंपांचे दांडे होत. दांड्याच्या एका टोकावर बेअरिंग बसायचे. तेथील व्यास वीस मिलिमीटर हवा होता. तो मिलिमीटरच्या दोन शतांशाने कमी असला तरी चालेल, त्याहून कमी चालणार नाही, असे ड्रॉइंगवर लिहिले होते. म्हणजे माप १९.९८ ते २०.०० यांच्यामध्येच पडले पाहिजे.

हे माप मायक्रोमीटरने घेतात. त्याच्या नळीवर मिलिमीटरच्या आणि अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असतात. तिच्यावर फिरणाऱ्या टोपीवर पन्नास भाग असतात. टोपी एक फेरी फिरली की अर्धा मिलिमीटर सरकते, म्हणून टोपीवरचा एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. हे सर्व आम्हांला तोंडपाठ होते आणि परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते. परंतु एक खोच पुस्तकात वाचून ध्यानात राहिली नव्हती. माप १९.९८ असते तेव्हा नळीवरील विसाची रेघ टोपीच्या काठाशी किंचित डोकावू लागते. नवशिक्याला वाटते, वीस पूर्ण झाले. मग तो वीस आणि वर अठ्ठेचाळीस भाग असे मोजतो, आणि १९.९८ चे २०.४८ होतात.

चौथ्या दिवशी फाउंड्रीतून घाईचा माल आला. आमचे मेस्त्री तिकडे गेले आणि आम्ही लेथवर एकटेच राहिलो. पहिला दांडा करून मोजला. दांडा अगदी बरोबर झाला होता, पण आम्ही वर सांगितल्याप्रमाणे चुकीचे वाचले. अर्धा मिलिमीटर जास्त आहे अशा समजुतीने आम्ही हत्यार पाव मिलिमीटर आत घेऊन आणखी एक काप दिला. गोल वस्तूवर पाव मिलिमीटर आत गेले की व्यास अर्ध्या मिलिमीटरने घटतो. दांडा १९.४८ झाला. तोही आम्ही त्याच चुकीने १९.९८ असा वाचला आणि समाधानाने बाजूला ठेवला. दुसऱ्या दांड्याचेही तेच झाले. एकच चूक दोनदा केली की ती आपल्याला बरोबर वाटू लागते, हे त्या दिवशी समजले.

तिसऱ्याच्या वेळी बाकावर एक बेअरिंग पडलेले दिसले. सहज म्हणून ते पहिल्या दांड्यावर घालून पाहिले. ते ठोकून बसवावे लागायला हवे होते. ते हाडकुळ्या हातातल्या बांगडीसारखे सैल फिरले. मग काय झाले ते ध्यानात आले आणि पोटात गोळा आला. आसपास कोणी पाहत नव्हते. आम्ही ते दोन्ही दांडे तयार मालाच्या ट्रेमध्ये इतर दांड्यांच्या खाली सरकवून ठेवले.

रात्री झोप लागली नाही. घरी काही सांगितले नाही. सकाळी कारखान्यात गेल्यावर ट्रे जागेवर नव्हता, माल जोडणीच्या विभागात गेला होता. तेव्हा मात्र आम्ही मेस्त्रींपुढे जाऊन सर्व सांगून टाकले.

ते ओरडले नाहीत. त्यांनी जोडणीच्या विभागात जाऊन दांडे शोधले. एकावर बेअरिंग चढवलेलेही होते. ते उतरवून त्यांनी आमच्यापुढे धरले आणि विचारले, "काल का सांगितला नाहीस?"

भीती वाटली, असे आम्ही म्हणालो.

"दांडा गेला तर जाऊ दे की. पण हा पंप कुणाच्या तरी विहिरीवर बसणार न्हवं? उन्हाळ्यात बंद पडला तर तो माणूस ऊस वाळताना बघत बसणार. आणि आपल्याला कळणार पण न्हाई."

थोड्या वेळाने फोरमन आले आणि बाद दांड्यांची चौकशी करू लागले. आता आपल्याला घरी पाठवणार, अशी आमची खात्री झाली. मेस्त्री म्हणाले, "चौथ्या दिवशीच पोराला मशीनवर एकटं सोडलो, ती चूक माझी. दांडे माझ्या नावावर लिवा."

त्यानंतर पुढचे आठ दिवस प्रत्येक दांडा आम्ही तीन वेळा मोजावा आणि माप वहीत लिहावे, असा त्यांनी नियम घातला. आमचे तीन वेळा मोजून झाले की ते स्वतः एकदा मोजत. जुळले नाही तर, "परत बघ की," एवढेच म्हणत.

३. शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे कर्तव्य

या गोष्टीत दोघांची कर्तव्ये दिसतात, आणि कायद्यानेही ती दोघांवर घातली आहेत. शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे उमेदवार व कारखानदार यांच्यात लेखी करार होतो. उमेदवाराने मन लावून शिकावे, हजेरी चुकवू नये आणि योग्य सूचना पाळाव्यात. कारखानदाराने त्याला खरोखरच तो व्यवसाय शिकवावा आणि त्यासाठी जाणता माणूस नेमावा. कायदा उमेदवाराला कामगार म्हणत नाही, शिकणारा म्हणतो. म्हणून वर्षभर नुसते झाडू मारणे किंवा चहा आणणे ही उमेदवारी नव्हे. मात्र आरोग्याचे आणि सुरक्षिततेचे नियम त्यालाही लागू असतात आणि कामावर इजा झाल्यास भरपाई देण्याची जबाबदारी कारखानदारावर येते. या कायद्याखालील उमेदवाराला विद्यावेतनही मिळते. २०१९ मध्ये नियम बदलून ते शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवण्यात आले. दर पुढे बदलू शकतात, म्हणून करारावरील आकडा पालकांनी स्वतः वाचावा.

पण "चूक झाली तर ताबडतोब येऊन सांग" हे वाक्य कोणत्याही करारात लिहिलेले नसते. ते शिकवणाऱ्याच्या वागण्यातूनच मुलाला वाचता येते. आमचे मेस्त्री त्या दिवशी चारचौघांत ओरडले असते, तर पुढची चूक आम्ही अधिक चतुराईने लपवली असती.

४. नव्या मुलामुलींनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

आपल्या मंडळीतील जे कोणी यंदा कारखान्यात शिकायला जाणार असतील, त्यांना पुढील गोष्टी सांगाव्यात.

(अ) समजले नाही तर समजले नाही म्हणावे. पहिल्या आठवड्यात विचारलेला प्रश्न कोणालाही बावळट वाटत नाही. तोच प्रश्न सहा महिन्यांनी विचारायला मात्र जड जाते.

(आ) यंत्राला हात लावण्यापूर्वी ते बंद कसे करायचे हे पाहून घ्यावे. चालू लेथवर काम करताना हातमोजे घालू नयेत, बाह्या सैल ठेवू नयेत, अंगठी काढून ठेवावी. मुलींनी केस बांधावेत आणि ओढणी घालून यंत्राजवळ जाऊ नये. लोखंडाचा कीस हाताने ओढू नये. चकची चावी चकमध्ये ठेवून यंत्र कधीही सुरू करू नये.

(इ) रोजची वही लिहावी. आज काय केले, कोणते माप घेतले, काय चुकले आणि का चुकले, हे चार ओळींत लिहावे. पुष्कळ मुले ही वही शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरून टाकतात. अशी वही सहीसाठी उपयोगी पडेल, शिकण्यासाठी नाही.

(ई) मापाचे साधन आधी तपासावे. आज पुष्कळ ठिकाणी आकडे दाखवणारी मापयंत्रे आणि संगणकावर चालणारी लेथ यंत्रे आली आहेत. रेघ चुकीची वाचण्याचे भय त्यांत कमी झाले. पण मोजण्यापूर्वी शून्य तपासले नाही, तर तेही चुकीचेच माप दाखवतात, आणि आकडा स्वच्छ दिसतो म्हणून आपण त्यावर अधिक विश्वास ठेवतो.

(उ) बिघडलेला जॉब वेगळा ठेवून त्यावर खूण करावी आणि त्याच दिवशी सांगावे. दुसऱ्या दिवशी तो कोठे गेलेला असेल, हे आपल्या हाती नसते.

५. आपल्या वर्गासाठी

पौल करिंथात आला तेव्हा तो अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर तंबू करण्याचे काम करू लागला, असे प्रेषितांची कृत्ये याच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. हा भाग आपण पौलाच्या प्रवासाचा पाठ म्हणून शिकवतो. तो एकदा कामाचा पाठ म्हणूनही शिकवून पाहावा. तंबूची शिवण सैल राहिली तर पावसात कोण भिजणार, असे मुलांना विचारावे. शिवणारा तर तेव्हा कधीच दुसऱ्या गावी गेलेला असणार.

आणि शिक्षकांनी स्वतःलाही एक गोष्ट विचारावी. आपल्या वर्गात वचन चुकीचे म्हटलेल्या मुलाला इतर मुले हसतात, तेव्हा आपण काय करतो? आपणही हसत असू, तर तो मूल कोणत्या चुका सांगायच्या आणि कोणत्या झाकायच्या हे तेथेच शिकते. हीच सवय घेऊन ते पुढे कारखान्यात, दवाखान्यात किंवा कचेरीत जाते. आमच्या मेस्त्रींनी दोन दांडे आपल्या नावावर लिहून घेतले, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. लेथवरचे पुष्कळ काम आम्ही विसरलो, पण नव्या मुलाची चूक ऐकताना ते वाक्य आम्हांला अजून आठवते, आणि ओरडण्यापूर्वी आम्ही थांबतो.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर आपल्या मंडळीतील शिकाऊ मुलाजवळ जावे. नोकरी पक्की होणार का, हा प्रश्न त्याला सगळेच विचारतात. आपण त्याला या आठवड्यात काय चुकले आणि ते कोणाला सांगितले, हे विचारावे. आणि त्याने सांगितले तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. संस्थेतील चूक आणि कारखान्यातील चूक यांत काय फरक आहे? आपल्या घरातील कामाचे एक उदाहरण द्या.

२. दांडे लपवणाऱ्या मुलाला कशाची भीती वाटली असेल? ती भीती कोणी कमी करू शकले असते?

३. मेस्त्रींनी चूक आपल्या नावावर घेतली, हे योग्य झाले काय? मुलाची चूक त्यामुळे पुसली गेली काय?

४. आपण केलेल्या कामाचा उपयोग करणारा, पण आपण कधी न पाहिलेला असा एक माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याच्यासाठी या आठवड्यात कोणते काम पुन्हा एकदा तपासून पाहाल?